सैनिकाच्या अपंगत्वाचा पुरावा कोणी द्यावयाचा?

लष्करातील नोकरी संपवून गावी परतणाऱ्या जवानाच्या पेटीत अनेक कागद असतात. त्यांतील एका कागदाचे महत्त्व त्याला बहुधा दोन-चार वर्षांनंतर कळते. तो म्हणजे निवृत्तीपूर्वी भरविल्या जाणाऱ्या 'रिलीज मेडिकल बोर्डा'च्या कार्यवाहीची प्रत. जवानाला कोणता विकार आहे, तो किती टक्के आहे आणि लष्करी सेवेशी त्याचा संबंध आहे की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या कागदावर नोंदविलेली असतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शरीर तपासून देता येतात. तिसऱ्याचे उत्तर शरीरात सापडत नाही, ते नियमात आणि नोंदींत शोधावे लागते. आणि नेमक्या त्या रकान्यात 'सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही' असा शेरा येतो. या इंग्रजी शेऱ्याची आद्याक्षरे जोडली की 'नाना' असा शब्द होतो. लष्करी दफ्तरांत तो याच रूपाने वावरतो. अशा एका 'नाना'ने हजारो माजी सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन अडवून ठेवले आहे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे लष्करातील अंतर्गत बाब म्हणून पाहू नये. माण-खटावसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले भरतीला जातात, त्याचे कारण शौर्याच्या परंपरेइतकेच कोरडवाहू शेतीतही आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात 46 जण कामी आले. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. अशा गावांत अपंग होऊन परतलेल्या माणसाचे निवृत्तिवेतन हा त्या घराच्या अर्थव्यवस्थेचा कणा असतो, आणि तो मोडला की कर्ज, जमिनीचा तुकडा आणि मुलीचे शिक्षण या क्रमाने सारे जाते.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात : एक सेवेचा, दुसरा अपंगत्वाचा. दुसरा भाग मिळण्यास अपंगत्व किमान 20 टक्के असावे लागते आणि ते सेवेमुळे उद्भवलेले वा बळावलेले असावे लागते. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, अशी त्याची गणना आहे. अपंगत्वाचा आकडा मात्र पूर्णांकित केला जातो : 50 टक्क्यांहून कमी असल्यास 50, 50 ते 75 असल्यास 75 आणि त्यापुढे 100. ही सवलत 1996 पासून लागू झाली. पण सरकारने ती केवळ मुदतीपूर्वी वैद्यकीय कारणाने घरी पाठविलेल्यांपुरती मर्यादित ठेवली होती. पूर्ण सेवा करून तेच अपंगत्व घेऊन निवृत्त झालेल्यांना ती देण्याविरुद्ध सरकारने सर्वोच्च न्यायालयात शेकडो अपिले लढविली, आणि डिसेंबर 2014 मध्ये राम अवतार खटल्यात ती हरली. लढवितांना खर्च झालेला पैसा अर्थातच सार्वजनिक तिजोरीचा होता.

खरा वाद शंकेच्या मालकीचा आहे. एखाद्या जवानाला तिशीत आकडी येऊ लागली. ती कशामुळे, हे वैद्यकशास्त्र अनेकदा खात्रीने सांगू शकत नाही. अशा वेळी शंकेचा फायदा कोणाला मिळावा? 1982 च्या नियमांनी याचे उत्तर निःसंदिग्ध दिले होते. भरतीच्या वेळी शारीरिक तपासणीत ज्या विकाराची नोंद नाही, तो माणूस त्या दिवशी निरोगी होता असे गृहीत धरावयाचे. पुढे वैद्यकीय कारणावरून त्याला काढल्यास प्रकृतीचा बिघाड सेवेमुळे झाला असे मानावयाचे. हक्कदार असल्याचा पुरावा जवानाकडे मागावयाचा नाही, आणि वाजवी शंकेचा लाभ त्यालाच द्यावयाचा.

नियम असा उदार, आणि व्यवहार मात्र उलटा. 1985 मध्ये सिग्नल्स दलात शिपाई म्हणून दाखल झालेल्या धरमवीर सिंग यांना 1994 मध्ये आकडीच्या विकारामुळे 20 टक्के कायम अपंगत्वासह घरी पाठविण्यात आले. भरतीच्या वेळी त्यांच्या विकाराची कोणतीही नोंद नव्हती. तरी मंडळाने 'सेवेशी संबंध नाही' असे लिहिले, आणि त्याची कारणे दिली नाहीत. हा मनुष्य 2013 साली सर्वोच्च न्यायालयात जिंकला. नोकरी नऊ वर्षांची आणि वाट पाहणे एकोणीस वर्षांचे! त्या निकालाने पुराव्याचा भार सरकारवर आहे हे पुन्हा स्पष्ट केले. तरीही मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दुसऱ्या एका खटल्यात वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे दिलीच पाहिजेत असे बजावून सांगावे लागले. बारा वर्षांत दफ्तराची सवय बदलली नव्हती, एवढाच याचा अर्थ.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीचा प्रश्न दिसतो. कोणत्याही दाव्याच्या निर्णयात दोन प्रकारच्या चुका संभवतात : अपात्राला देणे आणि पात्राला नाकारणे. पहिल्या चुकीचा बोजा कोट्यवधी करदात्यांत विभागला जातो, तो कोणाला जाणवतही नाही. दुसऱ्या चुकीचा सारा भार एका घरावर पडतो. शिवाय माहिती कोणाजवळ आहे ते पहा. भरतीची तपासणी सरकारने केली, नेमणुका सरकारने केल्या, दवाखाना सरकारचा, आजाराच्या नोंदी सरकारच्या दफ्तरात. ज्याच्या हाती सर्व कागद त्याने स्वस्थ बसावे आणि ज्याच्या हाती काहीच नाही त्याने सिद्ध करावे, ही रचना न्यायाची नव्हे, आणि काटकसरीचीही नव्हे.

कामगार चळवळीतील साथींना हे नवीन वाटू नये. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात व्यवसायजन्य रोगांची यादी होती. त्या यादीतील धंद्यात काम करणाऱ्याला यादीतील रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाई. तसे नसल्याचे सिद्ध करणे ही मालकाची जबाबदारी असे. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये फवारलेल्या 'एजंट ऑरेंज'च्या बाबतीतही आपल्याच सैनिकांशी वर्षानुवर्षे हुज्जत घातली, आणि अखेर 1991 च्या कायद्याने ठरावीक रोग त्या रसायनामुळेच झाले असे मानण्याची तरतूद केली. (ज्या व्हिएतनामी शेतकऱ्यांच्या डोक्यावर ते विष ओतले गेले, त्यांच्यासाठी असे गृहीतक कोणी मांडले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.)

आता ज्या भागाविषयी फारसे बोलले जात नाही त्याकडे येतो. जवानाचा दावा मंडळासमोर कच्चा का पडतो? त्याचे मूळ त्याच्या नोकरीच्या रचनेतच आहे. शारीरिक श्रेणी खालावली की बढती अडते, कोर्स हुकतो, परदेशातील शांतिसेनेची नेमणूक जाते, सेवेची मुदतवाढ मिळत नाही. त्यामुळे पंधरा-वीस वर्षे जवान दुखणे लपवितो. युनिटच्या व्हॉलीबॉलच्या सामन्यात गुडघा फिरला, तर तो मलमपट्टीवर भागवितो आणि इजेचा अहवाल भरला जात नाही. तोफखान्यातील माणसाच्या कानात वर्षानुवर्षे शिट्टी वाजत राहते. देवळालीच्या सराव मैदानापासून सीमेवरच्या चौकीपर्यंत ती त्याच्या सोबतीला असते, पण तो ती कोणाला सांगत नाही. आणि मग निवृत्तीच्या तोंडावर त्याच माणसाला विचारले जाते : हे कधी सुरू झाले, कोठे सुरू झाले, कागद कोठे आहे? व्यवस्थेने प्रथम लपविण्यास भाग पाडावयाचे आणि शेवटी न सांगितल्याबद्दल दंड करावयाचा, असा हा प्रकार आहे.

त्यात भर पदांच्या उतरंडीची. मंडळावर बसलेले डॉक्टर हे अधिकारी असतात. वीस वर्षे ज्याने अधिकाऱ्यासमोर सावधान उभे राहून 'ठीक है साब' एवढेच म्हटले, तो तपासणीच्या खोलीतही तेच म्हणतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त हवालदाराचे कागद मी पाहिले आहेत. कमरेच्या मणक्याचा विकार, जिना चढता येत नाही, आणि त्याच्या निवेदनात एकच ओळ : 'कधी कधी कंबर दुखते.' इजा कशी झाली हे विचारणारा रकाना कोरा. मी त्याला कारण विचारले. 'सर, तिथे रडगाणं सांगायचं नसतं,' असे उत्तर त्याने दिले. या उत्तराचा मला आदर वाटतो. परंतु त्याच्या मुलांच्या वाट्याचे पैसे त्या एका ओळीत गेले, हे विसरता येत नाही.

मंडळापूर्वीची तयारी हा शब्द उच्चारला की काही सज्जनांच्या कपाळाला आठी पडते. तयारी म्हणजे सोंग, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः तयारी म्हणजे सत्य पूर्णपणे सांगता यावे यासाठी केलेली जुळवाजुळव. जवानाचे वैयक्तिक निवेदन हा मंडळाच्या कागदांतील त्याच्या हातचा एकमेव भाग. त्यात कोणकोणत्या ठिकाणी नेमणूक होती, दुखणे केव्हा जाणवले, कोठे उपचार झाले, भरतीपूर्वी ते होते काय, सेवेतील कोणत्या प्रसंगाने ते झाले वा वाढले, असे प्रश्न असतात. ते घाईने, कारकुनाच्या हातून, परेडच्या मधल्या वेळात भरले जाऊ नयेत. निवृत्तीच्या निदान वर्षभर आधी नेमणुकांची तारीखवार यादी करावी. उंच पर्वतावरील, सीमेवरील व दहशतवादग्रस्त भागातील काळ वेगळा मांडावा. रुग्णालयातून सोडतानाचे प्रत्येक पत्रक, प्रत्येक श्रेणी-मंडळाचा कागद, इजेचा अहवाल व चौकशीचा निष्कर्ष यांच्या प्रती जमवाव्यात. हृदयविकाराच्या बाबतीत तर झटका येण्यापूर्वीच्या चौदा दिवसांत त्याला कोणती कामे दिली होती, याचा तपशील युनिटकडून मागविला जातो. तो तपशील काय गेला हे त्या माणसाला किंवा त्याच्या पत्नीला ठाऊक असावयास नको काय? मंडळासमोर दुखणे फुगवून सांगू नये, कारण एक खोटी तक्रार दहा खऱ्या तक्रारींची किंमत उतरविते. पण चालता येते का, असे विचारल्यावर 'हो' म्हणून थांबूही नये. किती चालता येते, त्यानंतर काय होते, रात्री झोप किती वेळा मोडते, हे सांगावे. मनाचा आजार असेल तर तोही सांगावा. आपल्या समाजात तो सांगणे पाय गमावल्याचे सांगण्याहून अवघड असते, हे मी जाणतो.

या प्रश्नाची दुसरी बाजू आहे, आणि ती टाळून चालणार नाही. महालेखापरीक्षकांच्या 2023 मध्ये सादर झालेल्या अहवालाने दाखवून दिले, की 2015-16 ते 2019-20 या काळात दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी सुमारे 36 ते 40 टक्के अधिकाऱ्यांना अपंगत्वाचा लाभ मंजूर झाला. जवान व कनिष्ठ अधिकाऱ्यांत हेच प्रमाण 15 ते 18 टक्के होते. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या विकारांचे दावे बरेच होते, हेही त्यात आले. यावर वृत्तपत्रांतून गदारोळ झाला, आणि सप्टेंबर 2023 मध्ये नवे नियम आले. पूर्ण सेवा करून अपंगत्वासह निवृत्त होणाऱ्यांना मिळणाऱ्या रकमेचे नाव बदलून 'इम्पेअरमेंट रिलीफ' ठेवण्यात आले, आणि सेवेशी संबंध ठरविण्याचे निकष अधिक काटेकोर केले गेले. 2008 च्या नियमांनी आधीच 'भरतीच्या वेळी निरोगी' हे गृहीतक बरेच पातळ केले होते. भरतीची तपासणी वरवरची असते, तीत सुप्त रोग कळत नाहीत, असे त्यांत म्हटले आहे. उमेदवाराला नाकारताना तपासणी अचूक आणि निवृत्तिवेतन देताना वरवरची, हा तर्क मला आजवर उमगलेला नाही.

या आकड्यांचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. बर्फात, खंदकात, ट्रकच्या मागच्या भागात आयुष्य घालविणारा जवान अधिकाऱ्याहून निम्म्याहूनही कमी प्रमाणात अपंग ठरतो, हे शरीरशास्त्राने स्पष्ट होण्यासारखे नाही. अधिकारी सरासरीने अधिक वयात निवृत्त होतात, हा एक भाग झाला. परंतु अधिकाऱ्याला नियम वाचता येतो, निवेदन कसे लिहावे हे समजते, मंडळावरील डॉक्टरशी तो बरोबरीने बोलतो, हा दुसरा भाग आहे. ज्ञान हेही भांडवल आहे, आणि त्याचे वाटप लष्करात हुद्द्याप्रमाणे झाले आहे. काही वरिष्ठांनी सवलतीचा गैरफायदा घेतला असेल तर त्याचा बंदोबस्त अवश्य व्हावा. पण निकष आवळल्यावर वकील लावून लढू शकणारा तरून जातो, आणि ज्याला पहिले अपील म्हणजे काय हे ठाऊक नाही तो बुडतो. वरच्या मजल्यावरील गळतीसाठी खालच्या मजल्याचे पाणी तोडण्याचा हा उपाय आहे.

येथे एका मुद्द्यावर माजी सैनिकांच्या संघटनांशी माझा मतभेद नोंदवितो. सातव्या वेतन आयोगाने वेतनाच्या टक्केवारीऐवजी ठरावीक रकमा सुचविल्या होत्या : शंभर टक्के अपंगत्वासाठी जवानाला 12,000, कनिष्ठ अधिकाऱ्याला 17,000 आणि अधिकाऱ्याला 27,000 रुपये. त्यावर मोठे आंदोलन झाले आणि 2017 मध्ये सरकारने टक्केवारीची पद्धत कायम ठेवली. नागरी कर्मचाऱ्यांना टक्केवारी आणि सैनिकांना ठरावीक रक्कम हा भेदभाव चुकीचा होता, हा आंदोलकांचा आक्षेप रास्त होता. परंतु हिशेब पहा. नवा शिपाई 21,700 मूळ वेतन आणि 5,200 लष्करी सेवा वेतन घेतो. त्याचे 30 टक्के होतात 8,070 रुपये. म्हणजे ठरावीक रकमेत त्याचा लाभ होता. तोटा होता तो लाख-दोन लाख वेतन असणाऱ्यांचा. सुरुंगाने उडालेला पाय शिपायाचा असो वा ब्रिगेडियरचा, त्या पायाची किंमत हुद्द्यावर ठरावी काय, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारलाच नाही. आयोगानेही तो अर्धाच विचारला. नाहीतर तीन वेगवेगळ्या रकमा कशाला? एकच रक्कम, जी तळाच्या माणसाला आजच्याहून अधिक देईल, आणि तीच नागरी सेवांनाही, अशी मागणी आपल्या पक्षाने करावयास हवी होती, आणि अजूनही ती करता येईल.

2022 पासून भरती झालेल्या अग्निवीरांच्या बाबतीत तर निवृत्तिवेतनाचा प्रश्नच मिटविण्यात आला. सेवेमुळे अपंगत्व आल्यास 100, 75 व 50 टक्क्यांना अनुक्रमे 44, 25 व 15 लाख रुपये एकरकमी, एवढी तरतूद. एकविसाव्या वर्षी पाय गमावलेल्या मुलापुढे पन्नास वर्षांचे आयुष्य असते. एकरकमी पैशाचे गावात काय होते, हे धरणग्रस्तांच्या मोबदल्याचा इतिहास ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगणे नको. आणि 'सेवेमुळे' हा शब्द येथेही आहेच. म्हणजे तेच मंडळ, तोच रकाना. खडकवासल्याच्या प्रबोधिनीसारख्या संस्थांत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन घरी पाठविलेल्या मुलांची अवस्था आणखी चमत्कारिक : कायद्याने ती अद्याप सैनिकच नसतात, म्हणून माजी सैनिकही नसतात. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्यांचा प्रश्न हाती घेतला.

पुणे परिसरात या विषयाची दुसरी, अधिक उजळ बाजूही आहे. खडकीची क्वीन मेरीज तंत्र संस्था 1917 पासून जायबंदी सैनिकांना हुन्नर शिकवीत आली, पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 चे, खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 चे. तेथील डॉक्टर, परिचारिका व कारागिरांनी उभे केलेले काम पाहिले की लष्कराला आपल्या माणसाची पर्वा नाही, असे सरसकट विधान करवत नाही. लष्कर जखमीला उचलून आणते, शस्त्रक्रिया करते, पाय बसविते. हात आखडतो तो त्यानंतर, हिशेबाच्या टेबलावर.

कार्यकर्त्यांनी काय करावयाचे? मोर्चाची येथे फारशी गरज नाही, चिकाटीची आहे. नकाराचे पत्र हाती पडल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करावयाचे असते, ते फेटाळल्यास पुन्हा सहा महिन्यांत दुसरे. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट 2015 च्या एका निकालाने जवळजवळ बंद झाली होती, ती मार्च 2023 मध्ये पुन्हा खुली झाली. उशीर महाग पडतो, हेही लोकांना सांगितले पाहिजे. सोळा वर्षांनी न्यायालयात आलेल्या तरसेम सिंग यांना 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतनाचा हक्क मान्य करूनही थकबाकी मात्र दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. उरलेली वर्षे तिजोरीत जमा झाली.

प्रत्येक तालुक्यात दोन कार्यकर्ते या कामासाठी तयार करता येतील. त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संबंध ठेवावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, अन्य रेजिमेंटांची अन्यत्र. तेथून मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागविणारा अर्ज कसा लिहावा, आणि उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली तोच कागद कसा काढावा, हे शिकून घ्यावे. सुटीवर आलेल्या जवानाला गाठावे, विशेषतः निवृत्तीस वर्ष-दीड वर्ष उरलेल्याला. त्याच्याबरोबर त्याच्या पत्नीलाही बसवावे. दुखणे केव्हा सुरू झाले याची तारीख पुष्कळदा तिलाच आठवते, कारण त्या वर्षीच्या सुटीत त्याने पाण्याची घागर उचलण्याचे टाळले होते.